पुरतं नाय, पुरवतो

हॅलो?… हॅलो?… कोन?… मनोजभाऊ का?… हां, बोला बोला. नाय, थांबा, हलू नका… तुमाला नाय हो, मी माझ्याच पायांना सांगते. घरासमोरच्या टाकीच्या कट्ट्यावर चढून उभी हाय. जरा इकडंतिकडं झालं की रेंज जाते. … कुठली टाकी म्हंजी? ती नळयोजनेची! पानी कवा आलं नाय तिच्यात, पन रेंज चांगली येते. कायतरी उपेग झाला बघा.

हां, आता ऐकू येतंय. अहो मी पारू. वरच्या वाडीची… पदूची आय… हां, तीच. सकाळधरनं मिस कॉल देते तुमाला. माझं रिचार्ज संपलंय, म्हनून. बरं झालं तुमीच पंचायतीच्या हापिसातनं फोन केलात. टँकर कुठवर आला तेवढं सांगा. फाट्यावर आला का?…

नाय येत?… आज नाय?… बरं, मंग उद्या?…

उद्या पन नाय. परवा?…

अहो भाऊ, एक एक दिस काय पुढं ढकलताय, एकदाच काय त्ये सांगा ना… बंद?… बंद म्हंजी? बिघडला का?… मंग?… आमच्याच वाडीचा बंद? खालच्या पाड्याला चालू आन आमालाच बंद? का हो, आमी काय घोडं मारलं तुमचं?

ए गपा गं जरा! … तुमाला नाय भाऊ, ह्या बायका हंडे वाजवतात खाली. कोंडे, ऐकू दे ना मला! … बंद म्हनतात टँकर… मला काय म्हाईत का, त्येच इचारते ना!

हां, भाऊ. हे बघा, मला आज पानी पाहिजे. आज म्हंजी आज. का त्ये सांगू?… ऐका तर. माझी सून, हर्षला… हां, साजगावची. बाळंतपन माहेरी झालं तिचं, सव्वा महिन्यानं आत्ता कुठं घरी आलीय… मुलगी. नात झाली मला… हो हो, देईन पेढे, आधी पानी द्या. तर तिची आय आलीय सकाळी. छायाबाई, माझी इहीण. टेंपो घेऊन आलीय. टेंपो खाली रस्त्याला उभा हाय. म्हनते, माझ्या लेकीचं अंग अजून सावरलं नाय, तिला मी हंडा घेऊन टेकडी चढू देनार नाय. आन पोरीची दुपटी धुवायला पानी नाय, पोरीच्या जांघेत पुरळ उठलंय, मी दोघींना घेऊन जाते. मी म्हनलं, इहीणबाई, जरा थांबा, टँकर येतोय. आमच्या मनोजभाऊंना फोन लावलाय, त्ये माझा शबुद मोडनार नाय. तुमच्या जिवावर बसवून ठेवलीय बाईला, च्या पाजून.

… जाऊ दे? काय जाऊ दे?… अहो ती चार दिसांसाठी नाय चालली! पदूची कंपनी तिकडंच ना साजगावला. त्यो म्हनतो, ती तिकडं ऱ्हाते तर मी पन तिकडंच खोली बघतो, रोजचं येनंजानं तरी वाचंल. झालं मंग! एकदा खोली घेतली की कोन परत येतं, भाऊ? कोंडीचा पोरगा आला का? गनपतीला येतो, शिमग्याला येतो, पावन्यासारखा खाटेवर बसतो. निम्म्या वाडीला कुलपं हायत आता. माझ्या घराला पन लागनार. मी आन म्हातारी, दोघी कुलपासारख्या दारात बसू.

म्हनून म्हनते, टँकर सोडा. ह्या बाईला हितं बसल्या बसल्या टँकरचा आवाज आला ना, की मी सांगते तिला, बघा. ऐकलात का. मंग ती नाय नेनार. तिला पन लेकीचं घर मोडायचं नाय, बाई वाईट नाय ती.

आता सांगा. का बंद केला?…

काय?… परत म्हना… समा… समाधानकारक. ह्ये काय कारन झालं?… पानी समाधानकारक हाय? कुठलं पानी?… आमचं?

मनोजभाऊ, समाधानकारक म्हंजी काय ओ?… नाय, टोमना नाय मारत, खरंच इचारते. मी चौथीतनं गेले लाकडं गोळा करायला, तुमी कालेज केलंत… म्हंजी बरं? ठीकठाक? मंग बरं म्हना की सरळ! एवढा लांब शबुद कशाला लावला? आन समाधान कुनाचं झालं? त्यो मानूस दाखवा मला, मी हार घालते त्याला. वाडीत तर कोन समाधानी दिसत नाय मला, ह्या शेळ्या पन नाय.

कोन म्हनलं पन आसं?… सायेब? पान्याचं बघायला आलते त्ये?… हां, जीप आलती म्हनं, ऐकलं मी. पन आमी कुनीच नव्हतो तवा वाडीत… कुठं म्हंजी? पानी आनायला गेलतो ना सगळ्या! विहिरीत निस्ता गाळ हाय, मंग खाली नदीत जायचं, वाळूत खड्डा खनायचा, पाझरलं की वाटीनं भरायचं. दुपार होते परत चढेस्तवर. सायेब आले पानी बघायला आन वाडी गेलती पानी शोधायला… हसू नका हो, मी इनोद नाय सांगत.

मंग सायेब बोलले तरी कुनाशी?… म्हातारीशी? कुठल्या?… धोंडूबाई? … माझ्या सासूशी?

अगं बाई गं.

थांबा. धरा फोन. आत्या! ए आत्या! … भाऊ, कानापासनं लांब धरा, तिला वरडल्याबिगर ऐकू येत नाय. आत्या! त्यो सायेब आलता ना, जीपवाला… सायेब गं, सायेब! त्यानं काय इचारलं तुला?… पानी कसं हाय? आन तू काय म्हनलीस?…

बरं हाय.

बरं हाय म्हनलीस तू! अक्कल गहाण टाकलीस का गं? … मंग काय झालं फुडं?… त्याला पानी दिलंस. राखेनं तांब्या घासून दिलंस. छान. तेवढं तरी घासलंस… आन मंग काय इचारलं?… पुरतं का?… तू काय म्हनलीस?… मोठ्यानं बोल, भाऊंना ऐकू दे… 'पुरवतो, बाबा.' पुरवतो म्हनलीस ना? नक्की?… बरं, बस. सावलीला सरक.

ऐकलंत का भाऊ? पुरवतो म्हनली ती. तुमच्या सायबानं ऐकलं, पुरतं.

… कसा फरक नाय? लय फरक हाय! पुरतं म्हंजी पानी पुरतं. हाय तेवढं बास हाय. आन पुरवतो म्हंजी पुरत नाय, पन आमी पुरवतो. पान्याचा गुन नाय त्यो, आमचा हाय! तांदूळ धुतले त्या पान्यात भांडी, भांड्यांचं पानी शेळीला. आंघोळ म्हंजी फडकं पिळून तोंड-पाय पुसायचं, आन डोकं धुवायचं त्ये सनाला. त्याला पुरवनं म्हनतात. सायबानं इचारलं आसतं भागतं का, तर म्हातारी म्हनली आसती, भागवतो. चालतं का, तर चालवून घेतो… ही कुठली मराठी म्हंजी? तुमचीच! तुमची आय काय निराळी बोलते का घरात?

काय म्हनायला पाहिजे होतं?… 'अपुरं'? अहो, म्हातारीनं जल्मात त्यो शबुद ऐकला नाय. … जेमतेम? जेमतेम म्हंजी हाय तरी ना थोडं! बेताचं म्हनायचं तर बेत करायला तरी तांब्याभर लागंल. आमच्याकडं त्याच्या खालचं हाय, भाऊ. त्याला आमच्याकडं शबुद नाय. म्हनून बरं म्हनायचं.

… नाय, का म्हनायचं त्ये मी सांगते ना. दारात मानूस आलाय. उन्हाचा आलाय. त्याच्या हातात तुमी पान्याचा तांब्या दिलाय. आन त्यो तोंडाला लावताना सांगायचं, सायेब, पानी नाय हो आमच्यात? उतरंल का त्याच्या घशाखाली? आमच्यात नाय सांगत आसं. आलेल्यानं इचारलं, कसं हाय? बरं हाय. जेवलात का? जेवलो. आन त्यो गेल्यावर मंग बघायचं, काय हाय त्ये.

पोशाकाका आठवतो का तुमाला? गुरं राखायचा, तुमची पन राखली त्यानं… हां, त्योच. त्याला धाप लागली, दवाखान्यात नेला. डोळं पार वर गेलेलं. डाक्टरनं इचारलं, बाबा, कसं वाटतं? म्हनला, बरं वाटतं. डाक्टर म्हनला, बरं वाटतं ना, न्या मंग घरी. आनला घरी. सकाळी गेला. शेवटचं बोलनं त्येच झालं त्याचं, बरं वाटतं.

… तसं नाय कसं? मला सांगा, बरं म्हंजी चांगलं का?… आसं व्हय! मंग कडावच्या दुकानात जाता तुमी तांदूळ घ्यायला. दुकानदार दोन पोती दाखवतो, म्हनतो ह्यो चांगला, ह्यो बरा. तुमी कुठला घेता?… चांगला. आन बरा कोन घेतं?… बोला ना, कोन घेतं?… हां. त्यात खडे कोन वेचतं, त्ये पन मीच सांगते, आमीच.

अजून एक सांगू? राग नाय ना येनार?… नाय, शपथ घ्या… तुमच्या लग्नाच्या टायमाची गोष्ट. मी भाताच्या लावनीला येत होते तुमच्याकडं. सुनंदाकाकी, तुमची आय, पोरगी बघून आलती कुंभिवलीची. तुमी ओट्यावर बसला होता, नवा शर्ट घालून. इचारलंत, कशी हाय? काकी म्हनली, बरी हाय. तुमचं तोंड आसं पडलं, आसं पडलं! म्हनलात, निस्ती बरी आसंल तर ऱ्हाऊ दे. म्हनला होतात का नाय?… मी अंगनात चिखलाचं पाय धूत होते, दोनी कानांनी ऐकलंय. मंग सुप्रिया बघितली. तवा काकी म्हनली, चांगली हाय गं पोरगी. तवा कुठं हो म्हनलात… हसताय काय! तवा बरोबर कळलं तुमाला बरी म्हंजी काय त्ये! बायको बरी चालत नाय आन आमाला बरं पानी चालतं व्हय रं मनोज?

… सॉरी. सॉरी भाऊ, अरंतुरं झालं. तोंडातनं गेलं. एवढासा बघितलाय ना तुमाला, चड्डी वर धरून बांधावरनं पळताना.

… नाय, समद्यांनाच कळत नाय आसं नाय. माझं लगीन झालं, पयल्या खेपेला माहेरी गेले, आयनं इचारलं, सासर कसं हाय गं? म्हनलं, बरं हाय. आय चुलीकडं तोंड करून बसली, रातभर नाक ओढत होती. तिला एका शबदात कळलं. आता सायेब काय माझी आय नाय, म्हाईत हाय मला. पन जीपमधनं उतरून, विहिरीत एकदा वाकून बघायला काय होतं? कुनी सांगायला लागलं नसतं.

बरं. आता काय करायचं त्ये सांगा… परत बघायला येतील? कवा?… आधी ठराव… मंग त्यो वर जानार… वरनं खाली येनार… आन सायेब उद्यापासनं सुट्टीवर. तवर पाऊस येईल, भाऊ. पाऊस आल्यावर सायेब येनार पान्याचं बघायला. या म्हनावं. लय समाधानकारक आसंल तवा.

छायाबाई, बसा हो, बसा! उठताय कशाला? चाललंय बोलनं… हो, हो, हापिसातच बोलते. त्ये आमचं घरचंच मानूस हाय… हर्षला, आयला अजून च्या दे गं… दूध नाय? मंग काळा दे… पानी?… माझ्या हंड्यातलं घे… अगं घे म्हनते ना! पुरंल.

ऐकलंत का भाऊ, मी पन कशी बोलते त्ये. घशाला कोरड हाय आन पुरंल म्हनते.

बरं, सायेब कुठं हायेत आता?… तिथंच? शेजारच्या खोलीत? मंग आधी का नाय सांगितलंत? द्या ना मला! दोन मिनटं द्या… नाय, भांडत नाय. आयच्यान नाय भांडत… त्ये रेशनवाल्याचं निराळं, त्यानं मापात पाप केलं होतं. सायबांशी कशाला भांडू? नीट सांगते. पानी नाय, म्हातारी चुकली, टँकर सोडा. बास. एवढंच बोलते… करा ना भाऊ एवढं. माझं घर मोडतंय हो. त्यो पदू एकदा गेला ना तिकडं, मंग मी कुनासाठी पानी आनू?

… धरते. धरते ना, जा तुमी, इचारा.

कोंडे, सायेब येतोय फोनवर! आता कुनी हंडा वाजवाल तर बघा… हर्षला, पोरीला आत घे, रडंल ती… आन मी काय गं बाई पदर सारखा करते, त्याला दिसतंय का फोनमधनं. खुळीच हाय.

पानी नाय, म्हातारी चुकली, टँकर सोडा. पानी नाय, म्हातारी चुकली…

हॅलो? हां… नमस्कार सायेब. नमस्कार. मी पारू बोलते, वरच्या वाडीवरनं…

हो सायेब, बरं हाय. तुमचं बरं हाय ना?…

हो, हो. घरची समदी बरी हायत. म्हातारी पन बरी हाय. तिनंच तर दिलं तुमाला पानी… लक्षात हाय तुमच्या?… गोड लागलं? हो सायेब, आमच्याकडचं पानी लय गोड. सगळी म्हनतात…

नाय. नाय नाय, थांबा सायेब. तसं नाय. मी आता बरं हाय म्हनले त्ये पान्याचं नाय म्हनले, त्ये तुमी इचारलंत म्हनून आपलं… पानी नाय सायेब. म्हातारी चुकली… नाय, गोड हाय त्ये खरं. गोड हाय, पन नाय… नाय हो, आसं कसं दोन्ही बोलते म्हंजी? गोड हाय, पन हायच नाय! … हसू नका ना सायेब. माझी सून… हॅलो? ऐकताय ना? माझी सून चाललीय…

… मिटिंग?… हां… हो सायेब… हो… नाय, तुमची चूक नाय सायेब, तुमी कशाला… हो. बरं, सायेब.

…

हॅलो?… मनोजभाऊ?… गेले?… काय म्हनले?… सांगा ना, मी ऐकते… 'म्हातारी बरं म्हनते, ही पन बरं म्हनते, मंग मी आनखी काय लिवू?'

हां. बरोबर हाय त्यांचं.

… नाय, रडत नाय. ऊन लागतंय डोळ्याला… अहो, एवढं पाठ केलं होतं भाऊ. कोंडीसमोर घोकत होते. आन त्यानं नुस्तं 'काय मावशी, बरं आहे ना?' म्हनलं, की माझं तोंड आपलं आपन चाललं. म्हातारीची मी सगळ्यांसमोर अक्कल काढली. आन मी काय केलं? ती तर बहिरी हाय. मला तर ऐकू येतं… काय करू, कुनी मायेनं इचारलं की नाय म्हनवतच नाय. रागानं इचारलं आसतं ना सायबानं, तर मी सांगितलं आसतं बघा सगळं धडाधडा.

… तुमी? तुमी काय करनार आता?…

'बरं, बघतो.'

… नाय, काय नाय. बोलले का मी काय? बरं पन कळलं आन बघतो पन कळलं. तुमचा काय दोष नाय भाऊ. तुमी तरी दुसरं काय म्हनाल.

काय गं हर्षला?… हां, झालं बोलनं… सायबाशी पन झालं… नाय गं. नाय येत.

भाऊ, धरा जरा. ठेवू नका.

दे बघू इकडं… झोपली व्हय गं माझी बाय. काजळ पसरलंय बघ गालावर… छायाबाई, तिचं डोकं नीट झाका, टेंपोत वारं लागतं… नाय हो, तुमाला कशाला बोल लावू? माझी लेक आसती तर मी पन हेच केलं आसतं. आदल्या दिशीच नेली आसती… हर्षला, दोरीवरची दुपटी घेतलीस का? वाळली का बघ, ओली भरू नको. बाळगुटीची पुरचुंडी राहील, ती घे, तिला उगाळून चाटव… आन पदूला सांग, खोली बघशील तर आधी नळ उघडून बघ म्हनावं. नुस्तं इचारू नको कुनाला. उघडून बघ.

… काय?… माझं? माझं काय गं… काय म्हनतेस, मोठ्यानं बोल…

'आई, तुमाला पानी पुरंल का?'

पुरंल गं.

नाय, तुला बरं वाटावं म्हनून नाय म्हनत. खरंच पुरंल. तुमी दोघी नाय, पदू नाय, दुपटी नाय धुवायची, रातच्याला पोरीसाठी तापवून नाय ठेवायचं. दोन म्हाताऱ्यांना कितीसं लागतं? एक खेप केली की झालं. उरंल पन हंड्यात… रडू नको, पोर उठंल. पाया नको पडू गं, हातात लेकरू हाय… जाते नको म्हनू. येते म्हन… हां. बरं. ये.

…

… तसं नको बाई, उतार हाय. कडेकडेनं चाल.

…

हॅलो?… हाय का भाऊ अजून?… ऐकलंत सगळं? मंग आता एक काम करा माझं. सायबांना सांगा, लिवलेलं काय बदलू नका… नाय, रागानं नाय बोलत, गळ्याची आन. कोंडीच्या घरचं निराळं इचारा, पोशाच्या घरचं निराळं इचारा, त्यांना मी अडवत नाय. पन सायबानं माझ्या दारात उभं ऱ्हाऊन इचारलं होतं ना, पुरतं का? तर त्या दारातलं सांगते.

आता पुरतं.

… नाय भाऊ, पुरवतो नाय. नीट ऐका ह्या टायमाला. पुरतं.

… हां. बरं. ठेवते.